दोन फुटी रीफ टाकी, चिलर आणि गणपतीचे पाच दिवस

डोंबिवलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: चौथ्या मजल्यावर घर, हॉलमध्ये एसी नाही, नवरा-बायको दोघंही नोकरीला. गोड्या पाण्याची टाकी तीन वर्षं नीट सांभाळली आहे, आता छोटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावायची आहे. दुकानदार म्हणतो, नवशिक्याला एक फुटाचा क्यूब सोपा पडेल. मनात मात्र दोन फुटी टाकी आहे. मे महिन्यात आणि गणपतीला मालवणजवळच्या गावी जाणं ठरलेलं असतं, तर येताना तिथलं समुद्राचं पाणी आणि खडक आणले तर चालतील का? पाणी थंड करणारा चिलर लागतोच का, की पंख्यावर भागेल? दिवा कोणता घ्यावा? आणि क्लाउनफिशच्या जोडीला समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, कधी सोडता येईल?

मी चौदा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते आहे, आधी फक्त घरची, नंतर ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या इतरांच्याही. तुमचा प्रश्न वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ते गावी जाण्याच्या वाक्यावर. दिवा कोणता, प्रवाळ कोणतं, हे सगळं नंतरचं. तुम्ही दोघं दिवसाचे दहा तास घराबाहेर असता आणि वर्षातून दोनदा पाच-पाच दिवस गावी जाता. म्हणजे टाकी अशी बांधायला हवी की त्या वेळात वीज गेली, उकाडा वाढला, पाणी उडालं, तरी आतले जीव तग धरतील. मी प्रत्येक टाकीचा आराखडा याच टोकाकडून सुरू करते.

असं का, ते माझ्या पहिल्या टाकीने शिकवलं. चाळीस लिटरची होती. मे महिन्यात एका दुपारी अकराला वीज गेली ती पाचनंतर आली. मी कामावर होते. दार उघडलं तर हॉलमध्ये उकडलेल्या शिंपल्यांसारखा वास. पाणी ३३ अंशांवर गेलेलं. दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उभे, कल्ले भराभर उघडत-मिटत होते. झोअँथिड नावाच्या प्रवाळाची फुलं घट्ट मिटून तपकिरी गाठींसारखी झाली होती. रात्रभर बर्फाच्या बाटल्या टाकीत ठेवल्या आणि हाताने मगभर पाणी उचलून वरून सोडत राहिले. सकाळपर्यंत एक मासा वाचला. पुढे हिशेब मांडल्यावर कळलं, एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पावणेसात मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना जेमतेम सहा. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो. त्यात पंप बंद, म्हणजे पृष्ठभाग हलत नाही आणि नवा प्राणवायू आत येत नाही.

आता टाकीचा आकार. एक फुटी क्यूबमध्ये खडक-वाळू जाऊन बावीस लिटरच्या आसपास पाणी उरतं. उन्हाळ्यात त्यातून रोज लिटरभर पाणी सहज उडतं. मीठ उडत नाही, ते तिथेच राहतं. पाच दिवस कोणी पाणी भरलं नाही तर ३५ चा खारटपणा (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) ४५ वर जातो, आणि तिथे जवळपास काहीच जगत नाही. तुमच्या मनातली टाकी ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. तिच्यात आणि संपमध्ये, म्हणजे स्टँडच्या आत खाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीत, मिळून १२० लिटर पाणी धरा. रोज तीन लिटर उडालं तरी त्याच पाच दिवसांत खारटपणा ४० पर्यंत जाईल. हेही वाईटच आहे, पण जीव वाचवायला वेळ मिळतो. शिवाय उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय लावली की हा प्रश्नच उरत नाही. ती कशी लावायची ते पुढे सांगते. दुकानदाराचा क्यूब स्वस्त आहे, जागाही कमी खातो. पण ज्याला दिवसातून दोनदा टाकीकडे बघता येतं आणि ज्याच्या खोलीत एसी आहे, त्याचंच ते काम. तुमची दोन फुटी बरोबर आहे. तीन फुटी मिळाली तर आणखी बरी, पण जमिनीचा विचार करून मी दोनवरच थांबेन.

वजनाचा हिशेब असा: टाकीतलं पाणी शंभर किलो, दहा मिलिमीटर काचेची टाकी तीस किलो, खडक आणि वाळू पंधरा-वीस किलो, संपमधलं पाणी आणि खालचं स्टँड धरून एकूण दोनशे किलोच्या थोडं वर. तीन धट्टीकट्टी माणसं एका जागी उभी राहावीत एवढा हा भार. बांधकाम धड असेल तर स्लॅबला तो जड नाही, पण तो कायमचा आणि एकाच जागी असतो. म्हणून खोलीच्या मध्यावर ठेवू नका. भिंतीलगत, शक्यतो खालून बीम जातो तिथे, बीमला आडवी ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅबला गळती किंवा तडे असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. हे मी इथून सांगू शकत नाही.

स्टँड लोखंडी करू नका. मिठाचं पाणी थेंबाथेंबाने पडतच राहतं आणि वेल्डिंगचे जोड दोन-तीन वर्षांत गंजतात. सुताराकडून मरीन प्लायचं करून घ्या, कडा आणि आतली बाजू रंगाने पूर्ण बंद करा. पातळी बघायला सुताराची बुडबुड्याची पट्टी वापरा, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. टाकी एका बाजूला तीन मिलिमीटर कलली तरी काचेच्या जोडांवर ताण येतो, आणि पाणी भरल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

संप असावा का? टाकीमागच्याच कप्प्यात गाळणी असलेली तयार टाकी मिळते आणि तीही चालते. मला संप आवडतो, कारण पाणी वाढतं, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि हीटर नजरेआड राहतात आणि वरच्या टाकीची पातळी हलत नाही. पण घरात पूर येतो तो बहुतेकदा संपमुळेच. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी परतीच्या नळीतून उलटं खाली येतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमच्या टाकीत पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे २.७ लिटर. नळीचं तोंड तीन सेंटिमीटर खोल असेल तर आठ लिटर, त्यात पाइपातलं पाणी वेगळं. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा आणि संपमध्ये किमान पंधरा लिटर जागा नेहमी रिकामी राहील असं बघा. टाकी पहिल्यांदा भरली की मुद्दाम दहा वेळा स्विच बंद करून बघा. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली नाही, म्हणजे पुढेही येणार नाही.

तुमचा मुख्य प्रश्न चिलरचा. पंखा पाणी उडवून थंड करतो. एक लिटर पाणी उडताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं, म्हणजे रोज तीन लिटर उडालं तर दोन युनिट उष्णता बाहेर गेली. पुण्यात किंवा नाशिकला, जिथे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे नुसत्या पंख्यावर दोन-तीन अंश सहज उतरतात आणि अनेकांच्या टाक्या तशाच चालल्या आहेत. तिथे उलट डिसेंबर-जानेवारीत शंभर वॅटचा हीटर लागतो. डोंबिवलीत तसं होत नाही. मेमध्येच हवा दमट असते आणि जून लागला की कपडे वाळत नाहीत, तसंच टाकीतलं पाणीही उडत नाही. पंखा फिरत राहतो आणि थर्मामीटर तिथेच. एसी नसलेल्या तुमच्या हॉलमध्ये मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर जाणारच. मऊ प्रवाळ २८ पर्यंत खुशाल राहतात, २९ काही दिवस सोसतात, त्यापुढे नाही.

कारण प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाशातून ते अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उष्णता वाढली की हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रातही हेच होतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपची प्रवाळं अशी पांढरी पडली, आणि त्याला नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंश जास्त तापमान काही आठवडे टिकणं पुरलं. समुद्राला जे झेपलं नाही, ते तुमच्या शंभर लिटरला झेपेल असं मानू नका.

म्हणून सरळ सांगते: तुमच्या हॉलसाठी चिलर लागेल, आणि त्याचे पैसे आज जमत नसतील तर टाकी सहा महिने पुढे ढकला. आधी टाकी लावून उन्हाळ्यात बघू म्हणणाऱ्यांच्या टाक्या मी मे महिन्यात रिकाम्या केल्या आहेत. चिलर घेतला की तो २४ वर लावू नका, २६.५ ते २७ वर ठेवा. वीज वाचते आणि वीज गेल्यावर पाणी तापलं तरी तापमानातली उडी लहान राहते. चिलर गरम हवा मागे फेकतो. बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच हवेत तो दमतो, म्हणून मागून मोकळी हवा हवी. विजेचा अंदाज असा: पंप, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा पंखा) आणि स्किमर मिळून चाळीस वॅट सतत, आठ तास ऐंशी वॅटचा दिवा, म्हणजे रोज दीड-पावणेदोन युनिट. चिलर दोनशे वॅटचा असून उन्हाळ्यात दिवसाचे दहा तास चालला तर आणखी दोन. महिन्याला शंभर-एकशेदहा युनिट धरून चाला.

वीज जाण्याची तयारी मात्र स्वस्त आहे. १२ व्होल्टवर चालणारा पाच वॅटचा छोटा वेव्हमेकर घ्या आणि तो ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर जोडा, वीज गेली की आपोआप सुरू होईल असा. दहा-बारा तास पाणी हलत राहील. थंड होणार नाही, पण पाण्यात प्राणवायू मिसळत राहील. माझ्या त्या पहिल्या टाकीला एवढं असतं तर दोन्ही मासे वाचले असते असं मला अजूनही वाटतं. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, आणि प्रत्येक वायर सॉकेटला लावण्याआधी खाली झोका घेऊन वर येऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्यावरून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

आता मालवणचं पाणी आणि खडक. पाण्याला तत्त्वतः हरकत नाही. किनाऱ्यापासून लांब, भरतीच्या वेळी, हिवाळ्यात घेतलेलं पाणी उत्तम असतं. पण तुम्ही जाणार गणपतीत. तेव्हा पावसाने किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरलेला असतो, गाळ उठलेला असतो, आणि कॅनमध्ये आठ-दहा तास गाडीत तापत आलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरून कुजायला लागतात. दर आठवड्याला बारा लिटर पाणी बदलायचं तर मालवण गाठता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून तयार मीठच वापरा.

खडकाचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २००१ साली सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे अनुसूची १ मध्ये घातले गेले. वाघ त्याच अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणू नये. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. मला कायद्याची भीती दाखवायची नाही. कोकणातल्या ज्या खडकांवर प्रवाळ जेमतेम तगून आहे, तिथला एकेक दगड किती मोलाचा आहे हे मी ओहोटीला जाऊन डोळ्यांनी बघितलं आहे. उलटा केलेला एक दगड परत सुलटा ठेवला नाही तर त्याच्या खालच्या बाजूची सगळी वस्ती उन्हात मरते. दुकानात कठीण प्रवाळ ‘सगळं लीगल आहे’ म्हणून दाखवलं तरी कागद मागा. कागद नसतील तर घेऊ नका. पहिल्या दोन वर्षांत त्याची तुम्हाला गरजही नाही.

तुमचे खडक बनवलेले किंवा खाणीतले सच्छिद्र असोत. दहा किलो पुरतील. रीफ टाकीत खरं काम तेच करतात. जकार्ताचे मत्स्यपालक ली चिन इंग यांनी १९६१ साली लिहिलं होतं की समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते, आणि ते खरं ठरलं, कारण खडकाच्या छिद्रांत जिवाणू राहतात. कोरडा खडक त्याच जिवाणूंची वसाहत उभी करायला फक्त जास्त वेळ घेतो. खडक थेट काचेच्या तळावर ठेवा आणि वाळू नंतर दोन-तीन सेंटिमीटर पसरा. आधी वाळू टाकली तर मासे खालून उकरतात आणि खडक घसरतो. दुकानात भिंतीसारखी मागे रास रचून देतात ती नको. दोन बेटं करा, एक उंच, एक बुटकं, मधे मोकळी वाट, आणि चारही काचांपासून हाताची बोटं आणि काच पुसायचं चुंबक जाईल एवढं अंतर. पाण्याला मागून वाट मिळाली की घाण तिथे साचत नाही. मी हे सगळं आधी जमिनीवर, टाकीच्या मापाच्या वर्तमानपत्रावर रचून बघते. एक आख्खी संध्याकाळ त्यात जाते आणि ती वाया जात नाही.

पाण्यासाठी घरचा आरओ चालेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. घरच्या आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळतात, म्हणून त्यातून ३०-६० टीडीएसचं पाणी येतं. प्यायला ते उत्तम, पण टाकीला वर्षभर रोज तीन लिटर तेच दिलं तर ते क्षार साचत जातात आणि काचेवर हिरवा थर थांबत नाही. खनिजांचं कार्ट्रिज येण्याआधीच्या नळीला टी जोडून घ्या, पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. टीडीएस मीटर शून्य ते पाच दाखवेल. १२० लिटरला साधारण साडेचार-पावणेपाच किलो मीठ लागतं, आठवड्याच्या बारा लिटरला साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅम. मीठ नेहमी वेगळ्या बादलीत पंप लावून रात्रभर विरघळवा. खारटपणा ३५, म्हणजे घनता १.०२५-१.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचा मीटर, ३५ च्या तयार द्रावणाने ३५ वर लावून घ्या. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने लावलेला मीटर ३५ ला चुकू शकतो.

यानंतर टाकी चार ते सहा आठवडे बिनमाशांची चालेल. थोडा अमोनिया घाला, दोन पीपीएमच्या (लिटरमागे दोन मिलीग्रॅमच्या) आसपास. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला अमोनिया आणि त्यातून झालेलं नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्य होऊ लागले की टाकी तयार. गोड्या पाण्यात तुम्ही हे केलेलंच आहे. वेगळं पुढचं असतं. दुसऱ्या महिन्यात वाळूवर तपकिरी धूळ येईल, मग हिरवे केस, कधी लालसर चिकट चादर. तीन-चार महिने टाकी कुरूप दिसते आणि बरेच जण याच टप्प्यावर औषधांच्या बाटल्या ओततात. ओतू नका. गोगलगायी सोडा, हाताने उपटा, पाणी बदला. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, त्याने त्याहून चिवट असे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव येतात. नायट्रेट पाच पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास मला बरं वाटतं. खडकावर जांभळ्या-गुलाबी रंगाचे ठिपके दिसायला लागले की समजा टाकी बसली.

दिव्याबद्दल थोडक्यात: निळा-पांढरा कोणताही बरा एलईडी, तीव्रता कमी-जास्त करता येणारा. आठ तास. सुरुवात तीस टक्क्यांवर, दर पंधरा दिवसांनी थोडा वाढवत. मऊ प्रवाळांना यापेक्षा भारी दिवा घेणं म्हणजे चिलरचे पैसे दिव्यात घालणं. प्रवाहासाठी तासाला अडीच हजार लिटर फिरवणारा वेव्हमेकर, तोंड खडकाकडे नको, समोरच्या काचेवर आपटू द्या.

प्रवाळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, एकेक. मशरूम आणि झोअँथिड आधी, मग टोडस्टूल लेदर. हिरवं स्टार पॉलिप सुंदर दिसतं, पण ते गालिच्यासारखं सगळ्यावर चढतं, म्हणून त्याला वेगळ्या दगडावर ठेवा. झेनियाचंही तसंच. एवढ्या प्रवाळांना कॅल्शियमची बाटली लागत नाही, आठवड्याचं पाणी बदलणं पुरतं. क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी (खारटपणा नव्हे), मात्र आठवड्याला मोजा; ती डीकेएच या एककात मोजतात आणि आठच्या आसपास हवी. कमी झालीच तर शंभर लिटरला तीन ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवून हळूहळू सोडला की ती एक डीकेएच चढते. एका दिवसात एकपेक्षा जास्त चढवू नका.

इथे एक गोष्ट नीट वाचा. झोअँथिड आणि त्यांची भावंडं पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हात लावताना हातमोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर हात घालूच नका. आणि टाकीतला दगड साफ करायला कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. ती वाफ श्वासात गेली तर घरातली सगळी माणसं दवाखान्यात जाऊ शकतात. घरात लहान मूल असेल तर टाकीला झाकण आणि स्टँडला कुलूप, यात मी कुणालाही सूट देत नाही.

मासे कमी ठेवा. क्लाउनफिशची जोडी आणि एक छोटा गोबी, एवढ्यावर ही टाकी भरली. निळा टँग या आकारात राहत नाही, मँडरिन उपाशी मरतो. क्लाउनफिश पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी उभी राहिली. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा हे मासे दाणे लगेच घेतात आणि रोगही कमी आणतात. तरी महिनाभर वेगळ्या बिनखडकाच्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे काढून ती सुमारे अडीच महिने रिकामी ठेवावी लागते, कारण तांब्याचं औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही.

समुद्रफूल पहिल्या वर्षी नको. त्याला मुरलेली टाकी लागते, आणि जागा पटली नाही तर ते चालायला लागतं. रात्री चालत जाऊन वेव्हमेकरच्या जाळीत अडकलेलं ॲनिमोन मी एका घरी सकाळी सातला काढलं आहे. पाणी दुधासारखं झालं होतं आणि प्रवाळं दुपारपर्यंत वितळली. पैदास केलेल्या क्लाउनफिशला त्याची गरज नसते. तो टोडस्टूलमध्ये लोळतो आणि तितकाच समाधानी दिसतो.

आता पाच दिवसांची सोय. संपमध्ये पातळीचा सेन्सर आणि बाजूला वीस लिटरचा आरओ पाण्याचा डबा, त्यात छोटा पंप. पातळी उतरली की गोडं पाणी आपोआप येतं. डबा संपच्या वर ठेवू नका, नाहीतर पंप थांबल्यावरही पाणी वाहत राहील. माशांना निघण्यापूर्वी नेहमीइतकंच खाऊ घाला. पाच दिवस मोठा मासा उपाशी राहतो, त्याला काही होत नाही. शेजाऱ्यांना खायला घालायला सांगू नका. ते प्रेमाने मूठभर घालतात आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो. त्यांच्याकडे किल्ली द्या आणि एकच काम सांगा: संध्याकाळी थर्मामीटरचा फोटो पाठवा. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा की पेस्ट कंट्रोल किंवा डासांच्या धुराची फवारणी असेल तर आधी कळवावं. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घालतो, आणि झुरळं मारणारं औषध कोळंबीलाही मारतं. त्या दिवशी खिडक्या बंद, स्किमर बंद.

काही विकत घेण्यापूर्वी एवढं करा. हॉलमध्ये जिथे टाकी ठेवायची आहे तिथे एक भरलेली बादली ठेवा, पाण्यात थर्मामीटर सोडा, आणि उन्हाळ्यातले लागोपाठ तीन दिवस दुपारी चार वाजता आणि पहाटे सहा वाजता आकडा लिहा. ते सहा आकडे आणि हॉलमधला बीम कुठून जातो ते मला कळवा. चिलर केवढा लागेल ते त्यावरून सांगेन.